माळशेज चढताना दम सोडणारी टर्बो पिकअप: हवेच्या वाटेचं एक प्रकरण

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ओतूरकडच्या एका वाडीतला तरुण त्याची पिकअप घेऊन गॅरेजला आला. चार सिलिंडरचं, अडीच लिटरचं कॉमन रेल टर्बो डिझेल (टर्बो म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा), दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरसह. काम ठरलेलं: टोमॅटो भरून वाशीच्या मार्केटला जायचं, परतीला भिवंडीतून किराणा नाहीतर खत भरून माळशेज चढून घरी यायचं.

"काका, टोकावडं सोडलं, घाट लागला की गाडी मरते. सेकंडला टाकली तरी ओढत नाही. आणि फिल्टर तर मी मोकळा टाकलाय, साडेपाच हजारांचा."

मी बॉनेट उघडलं. फिल्टरचा मूळ काळा डबा जागेवर नव्हताच. त्या जागी तेल लावलेल्या कापडाचा, शंकूच्या आकाराचा लाल कोन फिल्टर आणि त्याच्या मागे चकचकीत ॲल्युमिनियमचा पाइप. कोन एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डपासून जेमतेम वीतभर अंतरावर. गाडी नुकतीच थांबलेली होती. कोनाच्या जाळीला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

हे प्रकरण मी सविस्तर लिहितोय, कारण गेल्या दोन वर्षांत अशा फिल्टरच्या गाड्या माझ्याकडे वरचेवर येतात आणि प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो: "टर्बोला हवा जास्त पाहिजे, म्हणून मोकळा फिल्टर टाकला." वाक्याचा पहिला भाग अगदी बरोबर आहे. दुसऱ्या भागात गाडीचं नुकसान होतं.

आधी या इंजिनाला हवा लागते तरी किती, ते बघू. अडीच लिटरचं फोर स्ट्रोक इंजिन, ३००० आरपीएम. दोन फेऱ्यांत एकदा भरतं, म्हणजे मिनिटाला ३७५० लिटर. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, म्हणून नव्वद टक्के धरले तर साधारण ३४०० लिटर. पण ही दाबलेली हवा झाली. टर्बोने एक बारचा बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जादा दाब दिला, इंटरकूलरने ती थोडी गार केली, तर बाहेरच्या हवेच्या हिशोबात हा आकडा मिनिटाला सुमारे ६००० लिटरवर जातो. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. म्हणजे मांडवात बसलेल्या साडेसातशे ते हजार माणसांचा श्वास एकट्या या इंजिनाला लागतो, आणि तो सगळा मनगटाएवढ्या एका पाइपातून आत जातो.

त्या पाइपाचा आतला व्यास ६५ मिलिमीटर धरला तर हवेचा वेग सेकंदाला ३० मीटर होतो, ताशी शंभर किलोमीटरच्या वर. हा वेग ध्यानात ठेवा, पुढे तोच कामाला येणार आहे.

आता तपासणी. पहिलं काम म्हणजे कोन काढून त्याच्या मागच्या पाइपात पांढरं सुती फडकं फिरवणं. फडकं विटकरी रंगाचं निघालं. धूळ इतकी बारीक, की बोटांत चोळली तर पावडरसारखी लागावी. फिल्टरच्या पुढे धूळ असणारच, मागे असणं गंभीर. टॉर्च लावून टर्बोचा पंखा बघितला. पात्यांची पुढची धार, जी नव्या पंख्यात चाकूसारखी सरळ असते, ती बोथट आणि किंचित खरखरीत झाली होती. शाफ्टचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, हाताला मर्यादेत वाटला, पंखा घराला घासत नव्हता. मालकाने सांगितलं की दोन ऑइल बदलींच्या मध्ये आता एक-दीड लिटर ऑइल वरून टाकावं लागतं. पूर्वी लागत नव्हतं.

मग एअर मास सेन्सर काढला. हवा किती जाते ते मोजून कंप्युटरला सांगणारा तो नाजूक तापलेला पडदा. त्यावर फिल्टरच्या तेलाची पुसट तपकिरी साय बसली होती आणि सायीवर धूळ चिकटली होती. असा कोन धुऊन पुन्हा तेल लावताना हात जरा सैल सुटला की जादाचं तेल हवेबरोबर पुढे जातं आणि नेमकं इथे येऊन बसतं.

पण सेन्सरची याहून मोठी अडचण पाइपाच्या व्यासात होती. मूळ गाडीत हा सेन्सर ६५ मिलिमीटरच्या नळीत बसतो, नव्या ॲल्युमिनियमच्या पाइपाचा व्यास ७६. सेन्सर स्वतःच्या अंगावरून जाणारी हवा मोजतो आणि नळी किती रुंद आहे हे कंप्युटरला आधीच ठाऊक आहे असं गृहीत धरतो. नळी रुंद झाली, वेग कमी झाला, आकडा खाली आला. ६५ चा वर्ग भागिले ७६ चा वर्ग करा, उत्तर ०.७३. म्हणजे सेन्सर स्वच्छ असता तरी शंभर ग्रॅम हवा जात असताना कंप्युटरला त्र्याहत्तरच दिसली असती.

डिझेलच्या गाडीत कंप्युटर हा आकडा मुख्यतः दोन कामांना वापरतो: ईजीआर (जळलेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किती उघडायचा ते ठरवायला, आणि काळा धूर होऊ नये म्हणून डिझेलला वरची मर्यादा घालायला. सपाटीवर अर्ध्या ॲक्सिलरेटरवर ही मर्यादा आड येत नाही. घाटात, माल भरलेला असताना, पाय पूर्ण दाबला की कंप्युटर म्हणतो, हवा कमी आहे, डिझेल देत नाही. गाडी सपाटीला हलकी आणि घाटात मरगळलेली, याचं अर्धं कारण इथे मिळालं. स्कॅनर लावून बघितलं, तर आरपीएम आणि बूस्टवरून जी हवा यायला हवी, तिच्या दोन तृतीयांशाच्या आसपास आकडा दिसत होता.

मालकाला मी विचारलं, मूळ डबा का काढला? तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. डबा असतानासुद्धा गाडी घाटात ओढत नव्हती. सहा महिन्यांपूर्वी तीच तक्रार होती. शहरातल्या एका दुकानात त्याला सांगितलं, की कंपनीचा डबा इंजिनाचा गळा आवळतो, तो काढ. कोन लावला आणि पंधरा दिवस गाडी बरी वाटली. टर्बोची शिट्टी मोठ्याने ऐकू येऊ लागली, सपाटीवर पिकअप चांगला लागला. घाटातली तक्रार मात्र खरं तर कधी गेलीच नव्हती.

म्हणजे कोन लावण्याआधी काहीतरी बिघडलेलं होतं, आणि ते कुणीच शोधलं नव्हतं. "जुना डबा आहे का घरी?" तो म्हणाला, "गोठ्यात आहे, पाइपासकट." मी म्हटलं, सगळं घेऊन ये, एकही नट टाकू नकोस.

लेव्हलच्या नळीने मोजलेली ओढ

हवेच्या वाटेत अडथळा किती आहे, हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी लेव्हल बघायला जी पारदर्शक नळी वापरतात, ती पाच मीटर घेतली. प्लायच्या सव्वा मीटर उंच फळीवर तिचा इंग्रजी यू सारखा आकार करून बांधला, मध्ये मोजपट्टी चिकटवली, निळ्या शाईचे चार थेंब घातलेलं पाणी अर्ध्यापर्यंत भरलं. नळीचं एक टोक मोकळं, दुसरं टर्बोच्या अगदी आधी पाइपाला असलेल्या निपलला. इंजिन ओढू लागलं की एका बाजूचं पाणी वर चढतं, दुसऱ्या बाजूचं उतरतं, आणि दोन पातळ्यांमधलं अंतर म्हणजे ओढ, पाण्याच्या इंचांत. एक खबरदारी हवीच: नळीच्या भुजा लांब ठेवा आणि इंजिनाकडची बाजू बॉनेटपर्यंत उंचावरून न्या, नाहीतर ओढ जास्त असली तर पाणी टर्बोत जाईल.

बऱ्याच टर्बो डिझेल इंजिनांसाठी २५ इंच पाणी, म्हणजे ६३५ मिलिमीटर किंवा साधारण ६.२ किलोपास्कल, ही वरची मर्यादा धरतात. त्यापुढे फिल्टर बदला. नव्या फिल्टरला आकडा याहून खूप खाली असायला हवा.

फळी क्लीनरच्या सीटपुढे बांधली, मागे सव्वा टनाचा माल ठेवला आणि घाटाचा एकच टप्पा तीन वेगवेगळ्या जोडण्यांत चढलो. बाहेर ३७ अंश होतं. टर्बोच्या तोंडाशी तापमानाचा एक प्रोबही लावला.

पहिली फेरी, गाडी आली तशी, कोनासह. ओढ ६ इंच. मालक खूश झाला, "बघा काका, किती मोकळा आहे!" खरंच मोकळा होता. पण टर्बोच्या तोंडाशी हवा होती ६८ अंश. बाहेर ३७ असताना इंजिन स्वतःचीच भाजलेली हवा पीत होतं.

दुसरी फेरी, मूळ डबा, मूळ पाइप, मूळ नळीत साफ केलेला सेन्सर आणि नवा कागदी फिल्टर. पाय पूर्ण दाबला आणि पाणी चढतच गेलं. वीस, पंचवीस, तीस. चौतीस इंचांवर जाऊन थरथरत थांबलं. गाडी तिसऱ्यातून सेकंडला आणावी लागली. मालक माझ्याकडे बघत होता. त्याच्या दुकानदाराचं म्हणणं जणू सिद्ध झालं होतं.

पण नवा फिल्टर असताना चौतीस इंच हा आकडा मला मुळीच पटेना. म्हणून नळीचं टोक टर्बोजवळून काढून फिल्टरच्या डब्याच्या लगेच मागे लावलं आणि परत तोच टप्पा चढलो. तिथे ओढ ७ इंच. म्हणजे डबा आणि फिल्टर मिळून सात. उरलेले सत्तावीस इंच डबा ते टर्बो या हातभर अंतरात जात होते, आणि त्या हातभर अंतरात होता फक्त एक रबरी बेंड होज.

होज बाहेरून धडधाकट दिसत होता, चीर नाही, भेग नाही. उभ्या गाडीला रेस देऊनही काही कळत नव्हतं, कारण बिनओझ्याचं टर्बो इंजिन एवढी हवा ओढतच नाही. शेवटी मालकाचा मोबाइल व्हिडिओ चालू करून बॉनेटखाली चिकटपट्टीने बांधला, शेजारी एक छोटी टॉर्च बांधली, आणि घाट चढलो. वर दरीच्या कठड्यापाशी गाडी बाजूला घेऊन आम्ही दोघांनी तो व्हिडिओ बघितला. पहिले काही सेकंद होज गोल. मग गिअर पडला, इंजिनाचा आवाज भरला, आणि बेंडच्या आतल्या कुशीला होज हळूहळू बसत गेला, जसा रसवंतीवरचा कागदी स्ट्रॉ जोरात ओढल्यावर चिकटतो. पाय सुटला की परत गोल.

"म्हणजे फिल्टरचा दोष नव्हताच?" तो म्हणाला.

नव्हता. होज कापून बघितला तेव्हा आतला कापडाचा थर रबरापासून सुटलेला होता. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणाऱ्या ऑइलच्या वाफेने रबर मऊ पडतं, आणि इंजिनाच्या उष्णतेत वर्षं काढली की थर सुटतात. आता तो वेग आठवा. पाइपातला दाब वेगाच्या वर्गाने जातो. वाट निम्मी झाली तर वेग दुप्पट आणि नुकसान चौपट; वाट एक तृतीयांश उरली तर नऊपट. ३० मीटर वेगाला जे नुकसान दोन इंच पाण्याच्या आसपास आहे, ते चपट्या होजमध्ये अठरा इंचांवर जातं, वर बेंडचं आणखी. आणि ओढ जितकी वाढते तितका होज आणखी चपटा होतो. आपलाच गळा आवळणारी वस्तू होती ती.

पहिले पंधरा दिवस गाडी बरी का वाटली, तेही आता स्पष्ट झालं. कोनाबरोबर ॲल्युमिनियमचा पाइप आला आणि खराब होज आपोआप गाडीतून बाहेर गेला. गुण आला तो पाइपाने, श्रेय गेलं फिल्टरला. एक होज बदलून जे काम झालं असतं, त्यासाठी फिल्टरचा डबाच गेला, त्याबरोबर गार हवा गेली, सेन्सरचं गणित बिघडलं आणि धूळ आत आली.

टर्बोच्या बाबतीत ओढ एवढी का लागते

साध्या इंजिनाला तीन टक्के हवा कमी मिळाली तर तीन टक्के ताकद जाते, विषय संपतो. टर्बोचं तसं नाही. टर्बो दाबाचा गुणाकार करतो. वेस्टगेट, म्हणजे टर्बोला आवरणारी झडप, ठरलेला बूस्ट धरून ठेवायचा प्रयत्न करतो, त्यामुळे आधीची हवा विरळ झाली तर टर्बोला जास्त पटीने दाबावं लागतं, जास्त वेगाने फिरावं लागतं आणि हवा जास्त तापते. चौतीस इंच म्हणजे साधारण साडेआठ किलोपास्कल. बाहेर १०० आणि पुढे २०० किलोपास्कल हवेत, तर दोन पटीच्या जागी २.१९ पट काम करावं लागतं. माळशेजच्या माथ्यावर, साधारण ७०० मीटर उंचीला, बाहेरचा दाब आधीच ९३ च्या आसपास असतो, म्हणजे तिथे ही तूट आणखी टोचते.

कॉम्प्रेसरची कार्यक्षमता सत्तर टक्के धरून मी तिन्ही फेऱ्यांचा हिशोब केला. दुरुस्तीनंतरची तिसरी फेरी (ती पुढे येते), ४१ अंशांची हवा, मोकळी वाट: टर्बोतून बाहेर पडताना सुमारे १४० अंश. चपटा होज, डब्यात शिरणारी हवा पन्नासच्या आसपास: १६५. कोन, ६८ अंशांची हवा: १७५ च्या पुढे. ओढ सगळ्यात कमी असलेल्या कोनाचा आकडा सगळ्यात वाईट आहे. शिवाय ६८ अंशांची हवा ४१ अंशांच्या हवेपेक्षा आठ टक्के विरळ. ही सगळी जास्तीची उष्णता मग इंटरकूलरच्या गळ्यात पडते, आणि घाटात गाडीचा वेग कमी असल्यामुळे त्यावर वारा आधीच कमी असतो.

मोकळेपणाबद्दल आणखी एक मोजमाप केलं. जुना कागदी फिल्टर कापून त्याच्या चुण्या टेबलावर उलगडल्या: ६२ चुण्या, प्रत्येक साडेचार सेंटिमीटर खोल, वीस सेंटिमीटर उंच. दोन्ही बाजू धरून १.१ चौरस मीटर कागद निघाला. कोनाचं कापड मोजलं तर पाव चौरस मीटरपेक्षा थोडं कमी. एवढीच हवा कागदातून सेकंदाला नऊ सेंटिमीटरने शिरते, कापडातून चाळिसाच्या वर. डब्याला गळा आवळणारा म्हणतात, पण त्याच्या पोटात कापडाच्या साडेचार पट जागा घडी करून ठेवलेली असते. कोन पहिल्या दिवशी मोकळा असतो कारण त्याची भोकं मोठी असतात, आणि त्याच भोकांतून घाटरस्त्याच्या कामाची धूळ आत जाते. कोनाच्या खोक्यावर हवा किती टक्के जास्त जाते ते ठळक छापलं होतं. धूळ किती अडते, याबद्दल एक अक्षर नव्हतं. एअर फिल्टर तपासायचं आयएसओ ५०११ हे मानक अडथळा, धूळ अडवण्याची क्षमता आणि धूळ साठवायची क्षमता हे तिन्ही मोजायला सांगतं, आणि धुळीच्या मुलखात मला शेवटच्या दोघांची काळजी जास्त.

काय केलं

नवा बेंड होज टाकला, आत स्टीलच्या वायरची गुंडाळी असलेला. दोन्ही टोकांना नव्या क्लिपा. ब्रीदरचा पाइपही मऊ पडला होता, तो बदलला.

मग डब्याच्या तोंडाकडे वळलो, कारण दुसऱ्या फेरीत डबा असूनही आत पन्नास अंशांची हवा शिरत होती. डब्याची हवा घेणारी सोंड मूळची पुढच्या ग्रिलमागे, रेडिएटरच्या वर उघडते. इथे तिचं रबरी टोक कधीच तुटून पडलं होतं आणि डबा रेडिएटर ओलांडून आलेली गरम हवा घेत होता. नवं टोक मिळालं, ते बसवलं. ग्रिल आणि सोंडेच्या मधली फट फोमच्या पट्टीने बंद केली, म्हणजे गरम हवा मागून वळून येणार नाही. सोंड आणखी खाली, बंपरकडे न्यायचा मोह होतो, तिथे हवा गारही असते. पण जुलैत माळशेजला रस्त्यावरून पाणी वाहतं, पुढच्या ट्रकची चाकं ते अंगावर उडवतात. डिझेल इंजिनात पाणी शिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. तोंड उंचच ठेवलं.

डब्याच्या तळाला एक रबरी चोच असते, जड धूळ आणि पाणी आपोआप बाहेर टाकणारी. ती चिखलाने बंद होती, साफ केली. फिल्टर बसवण्याआधी डब्याच्या कडेला ग्रीसचा पातळ हात फिरवून झाकण लावलं आणि परत उघडलं. ग्रीसची रेघ फिल्टरच्या रबरावर सगळीकडे अखंड उमटली, तर सील नीट बसतंय. एका कोपऱ्यात रेघ तुटत होती, तिथली क्लिप वाकलेली निघाली. केसाएवढी फट असली तरी सगळी ओढ तिथून धूळ खेचते, मग फिल्टर कितीही भारी असो.

तिसरी फेरी. तोच टप्पा, तोच माल, बाहेर तेच ३७. ओढ ९ इंच, टर्बोच्या तोंडाशी ४१ अंश, स्कॅनरवर बूस्ट भरून एक बार आणि हवेचा आकडा हिशोबाला जुळणारा. गाडी तिसऱ्यातच चढली, बोगद्यापर्यंत. मालक बराच वेळ काही बोलला नाही, फक्त नळीतल्या निळ्या पाण्याकडे बघत होता.

खर्च झाला होज, रबरी टोक, फिल्टर आणि क्लिपा मिळून कोनाच्या किमतीच्या निम्म्याहून कमी.

फिल्टरला दर आठवड्याला कॉम्प्रेसरची हवा मारायची त्याची सवय होती. ती मी हात जोडून सोडायला लावली. कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर पुढची बारीक धूळ अडवायला मदतच करतो, वापरलेला कागद नव्यापेक्षा जास्त चांगला गाळतो. सहा-सात बारची हवा जवळून मारली की कागदाला टाचणीएवढी भोकं पडतात, जी उजेडापुढे धरल्याशिवाय दिसत नाहीत. त्याऐवजी निपलवर अडथळा दाखवणारा छोटा इंडिकेटर बसवला. लाल पट्टी वर आली की फिल्टर बदलायचा, त्याआधी डबा उघडायचाच नाही.

जे झिजलं, ते मात्र परत आलेलं नाही. सहा महिन्यांत आत गेलेल्या धुळीने रिंगा आणि लायनर खाल्ले आहेत, गाडी अजून दोन बदलींच्या मध्ये लिटरभर ऑइल पिते. टर्बोचा पंखा बोथट आहे, पण प्ले वाढलेला नाही, म्हणून तो काढला नाही. दर ऑइल बदलीला होज काढून प्ले तपासायचा आणि पाइपात पांढरं फडकं फिरवायचं, असं ठरलंय. गेल्या दोन्ही वेळी फडकं पांढरं निघालं.

चपटा होज मी ठेवून घेतलाय. मधोमध उभा कापलेला, आतला सुटलेला थर दिसेल असा. आता कुणी मोकळा फिल्टर मागायला आलं की आधी तो त्याच्या हातात देतो आणि लेव्हलची नळी काढतो.